पहिला आठवडा शिट्टी खिशातच ठेव

ऑस्ट्रेलियात डार्विनला ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, मुलांच्या खेळ-कार्यक्रमात मदतीला येतोयस, छान. आधी ओकर कार्ड हे परवानापत्र काढ; नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विनच्या या प्रांतात, मुलांसोबत काम करायला ते लागतंच. आणि इथला फूटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा फूटी, आपला नव्हे.

सुरुवातीला नुसता पाण्याच्या बाटल्या भर, चेंडू आणून दे. माझीच गोष्ट सांगतो. पहिल्याच दिवशी एका पोराला सगळ्यांसमोर बोलावून शाबासकी दिली. त्यानं टोपी नाकापर्यंत ओढली आणि आठवडाभर फिरकला नाही. याला इथे 'शेम' म्हणतात. चूक केल्याची लाज नव्हे, तर एकट्यावर सगळ्यांच्या नजरा खिळल्या की अंग चोरून घ्यावंसं वाटतं ना, ती. तेव्हापासून माझं कौतुक बाटली हातात देता देता, हळूच. नजर खाली ठेवणाऱ्याला उद्धट समजू नकोस. बहुतेकदा तो मान असतो.

संघ पाडतानाही आगाऊपणा नको. काही नात्यांत एकमेकांशी बोलायचं टाळतात, ते तिथल्या ज्येष्ठांना विचार. कुणी वारलं की 'सॉरी बिझनेस', म्हणजे शोकाचा काळ, सुरू होतो, सराव-सामने बंद. गेलेल्याचं नावही बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. तेव्हा वेळापत्रक घेऊन भांडत बसू नकोस.

पोरांना नेतृत्व कसं द्यायचं, असं विचारलं होतंस. पर्थमध्ये २००० साली २५ मुलांवर सुरू झालेली क्लॉन्टार्फ अकादमी बघ: फूटीच्या ओढीनं पोरं शाळेत टिकवायची. आपल्या कार्यक्रमात निदान वॉर्म-अप तरी मोठ्या पोरांना घेऊ दे, शिट्टीही त्यांनाच दे.