सांगलीहून म्युनिकला, वैद्यकीय यंत्रांच्या सुरक्षेत यायचं असेल तर

तुम्ही विचारलंत: मिरजेत हॉस्पिटलची यंत्रं सांभाळलीत, आता म्युनिकला यायचंय, तर क्वांटम संगणकापासून यंत्रांची माहिती वाचवायला नेमकं काय शिकू? व्हिसाचं दूतावासाच्या पानावर आहे, ते सोडतो.

‘क्वांटम संगणक आल्यावर बघू’ असं मुलाखतीत म्हणू नका. आज कुणी वाटेत पकडून साठवलेला कुलूपबंद जनुकीय अहवाल पुढे अशा संगणकाने उलगडता येईल, आणि जनुकं पासवर्डसारखी बदलता येत नाहीत. गणितज्ञ पीटर शोरच्या 1994 च्या क्वांटम रीतीपुढे आरएसए आणि ईसीसी (किल्ली ठरवायच्या आणि सही करायच्या आजच्या पद्धती) टिकणार नाहीत, एईएस-256 (खुद्द माहिती कुलूपबंद करणारी पद्धत) टिकेल. म्हणजे बदलायची ती दोन यंत्रांमधली गुप्त किल्लीची देवघेव आणि पाठवणारा खरा आहे हे पटवणारी डिजिटल सही. त्यासाठीची एमएल-केईएम (किल्लीसाठी), एमएल-डीएसए (सहीसाठी) ही मानकं ऑगस्ट 2024 मध्ये आली.

निघण्याआधी ओपनएसएसएल 3.5 (सुरक्षित जोडणीचं सॉफ्टवेअर) वर दोन मशीन एक्स25519 (ईसीसीतली आजची किल्लीची देवघेव) आणि एमएल-केईएम-768 च्या जोडीने जोडून बघा. पाठवायची किल्ली 32 बाइटची 1,216 होते, पहिला निरोप बऱ्याचदा एका पॅकेटात मावत नाही आणि काही जुने फायरवॉल मुकाट्याने जोडणी तोडतात. सगळे सर्व्हरला दोष देतात. वायरशार्क (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा, कळेल.

खरी मेख शरीरातल्या यंत्रात आहे. पेसमेकर दहा-एक वर्षं आत राहतो. ईसीसीवरच्या ईसीडीएसएची सही 64 बाइट, एमएल-डीएसए-65 ची 3,309. जुन्या ब्लूटूथ लो एनर्जीत एका पॅकेटात 20 बाइट जातात, म्हणजे 4 ऐवजी 166 पॅकेटं, आणि तेवढा वेळ रेडिओ बॅटरी खातो. म्हणून ही सही फक्त फर्मवेअरला (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरला) लावा, रोजच्या निरोपांना एईएस पुरे. सही तपासायची किल्ली रॉममध्ये (न बदलता येणाऱ्या मेमरीत) कोरलेली असेल तर पुढे काहीच करता येत नाही. यंत्र घेतानाच हे विचारा. फर्मवेअरला एलएमएस सही (हिची प्रत्येक किल्ली एकदाच वापरायची) वापरलीत, तर बॅकअप परत चढवताना जपा: किती किल्ल्या वापरल्या याची मोजणी मागे गेली की तीच किल्ली दोनदा वापरली जाते आणि खोटी सही करता येते.

मूल असेल तर पहिलीच्या आत आणा. बायर्नमध्ये (म्युनिकच्या राज्यात) चौथीलाच जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासाची सरासरी 2.33 पर्यंत (तिथे 1 सर्वांत चांगला) नसेल तर साधारणपणे गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, थेट वाट बंद होते. दहा वर्षांच्या पोराचं भविष्य नव्या भाषेतल्या गुणांवर ठरावं, हे मला अजून पटत नाही.

एकटेपणा येतो, कामाला लागलं की कमी होतो. आईवडिलांचे रिपोर्ट मात्र फोनवरच बघावे लागतात आणि ते टोचतं. ते रिपोर्ट सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरमध्ये एईएस-256 ने बंद करून, फाइलांची नावंही झाकून मागवा. पासवर्ड फोनवर सांगा, आणि त्याची एक प्रत घरी कागदावर, त्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसोबत ठेवा.