पाय जास्त दुखतो की कंबर?

प्रश्न : डॉक्टर, आमचे मालक 44 वर्षांचे आहेत. आमची द्राक्षबाग आहे, फवारणीचा ट्रॅक्टर तेच चालवतात. सात आठवड्यांपूर्वी कंबर धरली. आता डाव्या पायात कळ जाते, अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. ते म्हणतात, कंबरेपेक्षा आता पायच जास्त ओरडतो. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबलेली दिसते. एका डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलंय, दुसऱ्या दिवशी घरी सोडतो म्हणाले. सासूबाई म्हणतात, मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो. छाटणी पंधरा दिवसांवर आली आहे. काय करावं?
ता. क. विरळणीच्या दिवसांत मान वर करून करून माझीही मान धरते. एकाने लेसर करून घ्या असं सुचवलं.
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, ‘पायच जास्त ओरडतो’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. सरकलेल्या गादीचं ऑपरेशन मुख्यतः पायातल्या कळेसाठी असतं. नुसत्या कंबरदुखीला त्याचा भरवसा देता येत नाही, मग छेद केवढाही असो. हे मी एका पेशंटकडून शिकलो. दुकानदार होते, पाय ठणठणीत, फक्त कंबर दुखायची. एमआरआय वाईट दिसला म्हणून मी त्यांची गादी काढली. जखम आठवड्यात भरली, कंबर मात्र अजून तशीच दुखते. चाळिशीतल्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले, तर साधारण निम्म्यांची गादी फुगलेली दिसते. तेव्हा नुसत्या फिल्मवरून ऑपरेशन ठरवायचं नसतं. दुखणं त्याच नसेच्या वाटेने उतरतंय का, हे पाहायचं. तुमच्या मालकांचं तसं उतरतंय. अंगठ्याच्या मुंग्या आणि दबलेली नस यांचा मेळ बसतो.

आता सासूबाईंचं. त्यांना वेड्यात काढू नका. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. मी नववीत असताना त्यांचं हेच ऑपरेशन झालं. पाठीवर वीतभर टाके होते, तीन आठवडे फळीवर झोपून काढले. पायाची कळ गेली, पण पाठीच्या स्नायूंत पूर्वीची ताकद आली नाही. गादी सरकल्याने पायात कळ येते आणि ती काढता येते, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी 1934 साली मांडलं. त्यानंतर कित्येक वर्षं तिथवर पोचायचं म्हणजे स्नायू हाडापासून मोकळे करायचे, हाडही बरंच काढायचं. 1977च्या सुमारास मायक्रोस्कोप आला आणि छेद तीनएक सेंटिमीटरवर आला. पुढे स्नायूंचे धागे न कापता बाजूला सारणारी नळी आली, तिला दोन सेंटिमीटर पुरतात. आणि तुम्हाला सांगितलेली दुर्बीण एक सेंटिमीटरपेक्षाही लहान छेदातून जाते. काही वेळा तर फक्त जागा बधिर करून, पेशंटशी बोलत बोलत हे काम करतात. नसेला धक्का लागला तर तो लगेच सांगतो.

पण आत गेल्यावर काम एकच : बाहेर आलेला तुकडा काढायचा, बाकीची गादी जागेवर ठेवायची. पायाच्या आरामात मायक्रोस्कोप आणि दुर्बीण यांत मोठा फरक पडत नाही. म्हणून ‘छेद केवढा?’ याऐवजी डॉक्टरांना विचारा, ‘तुमचा हात कशावर बसलाय? दुर्बिणीतून तुकडा निघाला नाही तर पुढे काय कराल?’ आणि हेही ऐकून ठेवा, की शंभरातल्या 5 ते 10 जणांची गादी त्याच जागी पुन्हा सरकते.

घाई आहे का? नेदरलँड्समध्ये अशाच 283 रुग्णांचा अभ्यास झाला, 2007 साली तो छापून आला. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर केलं, निम्म्यांना थांबवलं. लवकर केलेल्यांचा पाय दुखायचा लवकर थांबला. वर्षाअखेर मात्र दोन्हीकडे सुमारे 95 टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं, हेही खरं. बाहेर आलेला तुकडा शरीर हळूहळू स्वतःच विरघळवतं, म्हणून थांबण्याला अर्थ आहे. कळ सोसवत नसेल तर नसेजवळ इंजेक्शन देऊन काही आठवडे काढता येतात.

आज संध्याकाळी एवढं करा. त्यांना आधार धरून टाचांवर दहा पावलं चालायला सांगा. डावा चवडा खाली पडतो का? डावा अंगठा उजव्याइतक्या जोराने वर उचलतो का? चालताना चप्पल निसटते का? ताकद कमी झालेली दिसली तर थांबू नका, आठवड्याच्या आत निर्णय घ्या. आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पाय ढिले पडले, तर रात्र असली तरी निघा. तिथे तासांचा हिशेब असतो.

ताकद शाबूत असेल, तर निर्णय त्यांच्या सोसण्यावर. मी तुमच्या जागी असतो तर आणखी चार आठवडे थांबलो असतो. छाटणीचं मात्र स्पष्ट सांगतो : ऑपरेशन करा किंवा न करा, पंधरा दिवसांत ट्रॅक्टरवर बसू देऊ नका. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी चालता येतं, म्हणून माणसं फसतात. धक्के आणि ओझं सहा आठवडे नकोच. यंदा ड्रायव्हर लावा, त्याचे पैसे ऑपरेशनच्या खर्चातच धरा.

तुमच्या मानेला लेसर नको. हातात कळ उतरत नसेल, मुंग्या नसतील, तर तो थकलेल्या स्नायूंचा त्रास आहे. घड हाताशी येईल असं स्टूल घ्या, वीस मिनिटांनी मान खाली आणा, रात्री शेका. मात्र ब्लाउजचे हूक लावताना बोटं अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर मज्जारज्जू दबत असेल. ते दुखण्यापेक्षा वेगळं प्रकरण आहे, त्यात मी कोणालाच थांबायला सांगत नाही.

टाचांवर चालवून काय दिसलं, ते लिहून कळवा.