चाळीस लाखांचे कर्ज आणि इंग्लंडमधली बिझनेस इकॉनॉमिक्सची एमएस्सी

तुम्ही पुण्यातून अर्थशास्त्र घेऊन बी.कॉम. केले आहे, सप्टेंबर २०२६ मध्ये इंग्लंडला बिझनेस इकॉनॉमिक्सच्या एक वर्षाच्या एमएस्सीला यायचे आहे, आणि २४,००० पौंड फी व राहण्याचा खर्च भागवण्यासाठी वडिलांचा फ्लॅट तारण ठेवून ४० लाखांचे कर्ज काढायचा विचार आहे. विद्यापीठाच्या माहितीपत्रकातला पदवीनंतरचा सरासरी पगार पाहता हे कर्ज सहज फिटेल, असा तुमचा हिशेब दिसतो. इथे अनेक वर्षे नोकरी केल्यानंतर मला तो हिशेब पटत नाही. पदवी वाईट आहे म्हणून नव्हे, तर कर्जाची तुलना चुकीच्या पगाराशी केली आहे म्हणून.

इथल्या अर्थशास्त्राच्या पदवीधरांची कमाई चांगली असते, यात वाद नाही. परंतु अभ्यासक्रमांच्या तुलनेसाठी इथे जे सरकारी आकडे वापरले जातात, ते मुख्यतः ब्रिटनच्याच रहिवासी विद्यार्थ्यांच्या कमाईचे असतात. त्या विद्यार्थ्याला व्हिसा लागत नाही आणि त्याचे कर्जही वेगळ्या जातीचे असते. पदव्युत्तर शिक्षणासाठी त्याने सरकारी कर्ज घेतले, तर वर्षाला २१,००० पौंडांच्या वरच्या कमाईवर फक्त ६ टक्के कापले जातात. पगार ३४,००० पौंड असेल, तर महिन्याला ६५ पौंड. नोकरी गेली तर शून्य. आणि ३० वर्षांनी जे उरेल ते माफ. तुमच्या बँकेचा हप्ता पगार विचारून येत नाही.

आता तुमचे आकडे मांडू. पौंड ११५ रुपये, व्याज साडेदहा टक्के आणि मुदत १० वर्षे असे धरू. शिक्षणाचे वर्ष आणि त्यानंतरचे सवलतीचे वर्ष या काळात व्याज भरले नाही, तर ते मुद्दलात मिसळून रक्कम ४८ लाखांच्या आसपास जाते आणि हप्ता सुमारे ६५,००० रुपये, म्हणजे ५६५ पौंड, पडतो. मुदत १५ वर्षे केली तर हप्ता ५३,००० वर येतो, पण एकूण परतफेड ९५ लाखांवर जाते. ३४,००० पौंड पगारावर कर, राष्ट्रीय विमा आणि पेन्शनची वर्गणी वजा जाता हाती महिन्याला सुमारे २,२५० पौंड राहतात. लंडनबाहेर भाड्याची खोली, जेवणखाण आणि प्रवास भागवून हा हप्ता ओढाताणीने का होईना, पण जातो. म्हणजे इथे नोकरी लागली तर कर्ज फिटते. खरा प्रश्न त्या 'लागली तर'चा आहे.

पदवीनंतर थांबण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल, आणि तुम्ही त्यातच याल. त्याचे शुल्क आणि सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार मिळून अडीच हजार पौंड एकरकमी भरावे लागतात. ही रक्कम तुमच्या ४० लाखांत नाही. पुढे कुशल कामगाराच्या व्हिसासाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान पगार ४१,७०० पौंड आहे. नव्या पदवीधरांना तो ३३,४०० पर्यंत शिथिल होतो, मात्र त्या पदासाठी ठरलेला दरही पाळावा लागतो आणि ही सवलत ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ धरून चार वर्षांपुरतीच असते. शिवाय कंपनीकडे प्रायोजकत्वाचा, म्हणजे परदेशी कर्मचारी ठेवण्याचा, सरकारी परवाना हवा. ऑनलाइन अर्जात सुरुवातीलाच एक प्रश्न असतो: 'तुम्हाला आता किंवा पुढे व्हिसासाठी प्रायोजकत्व लागेल का?' त्यावर 'हो' म्हटले की पुष्कळ अर्ज तिथेच थांबतात. एक बारकावा मात्र तुमच्या बाजूचा आहे. विद्यार्थी व्हिसावरून थेट कुशल कामगार व्हिसावर घेतल्यास कंपनीला परदेशी कर्मचारी घेण्याबद्दलचे सरकारी कौशल्य-शुल्क भरावे लागत नाही, ग्रॅज्युएट व्हिसावरून घेतल्यास भरावे लागते. मुलाखतीत हे नेमकेपणाने सांगता आले तर उपयोग होतो. मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर योजनांचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू होतात, त्यामुळे विमानातून उतरल्यावर सीव्ही लिहायला बसणारे मागे पडतात.

म्हणून मी तुमच्या कर्जाची तुलना इथल्या पगाराशी करणार नाही. १८ महिन्यांत प्रायोजक मिळाला नाही आणि पुण्या-मुंबईला परतून महिन्याला हाती ६५,००० रुपये आले, असे धरा. ४० लाखांच्या कर्जाचा हप्ता तो सगळा पगार गिळतो, आणि मग बँक सहकर्जदाराकडे, म्हणजे वडिलांकडे वळते. हप्ता त्या पगाराच्या एक तृतीयांशात बसवायचा तर मूळ उचल १३-१४ लाखांच्या वर जाऊ नये. उरलेली रक्कम बचतीतून किंवा शिष्यवृत्तीतून येत नसेल, तर या वर्षी येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वडील जुन्या करप्रणालीत असतील तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरात वजावट आठ वर्षे मिळते. तिने भार थोडा हलका होतो, निर्णय बदलत नाही.

दोन वर्षे पुण्यात किंवा मुंबईत बँक, पतमानांकन किंवा विश्लेषणाच्या क्षेत्रात काम केलेत, तर बचत होईल, ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला लागणारा कामाचा अनुभवही जमेल (त्यात नंतर दोन वर्षे भारतात परतण्याची अट आहे), आणि इथल्या मुलाखतीत सांगायला काहीतरी असेल. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातील असाल, तर राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे निकष आधी तपासा. जर्मनीचा पर्यायही आहे: बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. मात्र तिथे गणित, संख्याशास्त्र आणि इकॉनोमेट्रिक्सचे (आर्थिक आकडेवारीच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणाचे) क्रेडिट मोजले जातात, त्यात बी.कॉम. अनेकदा तोकडे पडते, आणि जर्मन भाषेवाचून नोकरीचे दरवाजे थोडेच उघडतात.

तरीही यंदाच यायचे ठरले, तर अभ्यासक्रमाची विषययादी वाचा. इकॉनोमेट्रिक्स सक्तीचे आहे का, आर किंवा पायथन या संगणकीय भाषांवर प्रत्यक्ष काम करून घेतात का, की नावापुरते अर्थशास्त्र आणि बाकी व्यवस्थापनाचे पेपर आहेत, हे पाहा. दुसऱ्या प्रकारच्या पदवीला २४,००० पौंड मी देणार नाही. डिपॉझिट भरण्यापूर्वी विद्यापीठाला दोन गोष्टी लेखी विचारा: याच अभ्यासक्रमातल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना प्रायोजकत्वाची नोकरी मिळाली, आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का.