वर बर्फ कडक, खाली दूध नासतंय

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, आमचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज आहे, ७ वर्षं झाली. गेले आठ-दहा दिवस वरचं फ्रीझर झकास चालतंय, आईस्क्रीम दगडागत, पण खाली गारच होत नाही. गंगावेशीतनं आणलेलं म्हशीचं दूध तापवून, गार करून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी नासतंय. रविवारचा पांढरा रस्सा तर रात्रीपर्यंत पण टिकला नाही, पातेलंच्या पातेलं ओतून दिलं. एक मेकॅनिक आला, दार उघडून हात लावला आणि म्हणाला गॅस संपलाय, साडेतीन हजार होतील. मिस्टर म्हणतायत नवीनच घेऊया. काय करू?

उत्तर: ताई, गॅसला हो म्हणू नका आणि नवीन फ्रिज पण पंधरा दिवस तरी घेऊ नका. तुम्ही स्वतःच लिहिलंय की आईस्क्रीम दगडागत आहे. आईस्क्रीम तसं राहायला फ्रीझरमध्ये उणे १५ ते १८ डिग्री लागते, गॅस कमी झाला असता तर ते पण मऊ पडलं असतं. कॉम्प्रेसर चालतोय, गॅस आहे, गारवा तयार होतोय, तो खाली पोचायचा राहतोय एवढंच.

तुमच्यासारख्या बहुतेक फ्रिजमध्ये गार करणारी कॉइल एकच असते, फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पॅनेलआड. तिथंच एक छोटा पंखा असतो, तो गार हवा फ्रीझरमध्ये सोडतो आणि त्यातलीच थोडी मागच्या पोकळीतनं खाली ढकलतो. खालच्या कप्प्याला स्वतःचं गार करणारं काहीच नसतं, वरची उसनी हवा असते. म्हणून खाली गरम झालं की पहिला प्रश्न, हवा कुठं अडली?

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करा. खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला हवेच्या फटी असतात, त्यांना चिकटून रश्श्याचं मोठं पातेलं किंवा कोथिंबिरीची पिशवी आहे का बघा, आणि जाळ्यांवर ते फुलाफुलांचे प्लास्टिकचे मॅट अंथरले असतील तर काढून टाका, हवा खाली उतरायची वाटच ते बंद करतात. मग पंखा. बऱ्याच फ्रिजमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो, म्हणून दाराच्या चौकटीतलं बटण बोटानं दाबून धरा आणि कान द्या. घूं असा आवाज आला तर पंखा ठीक. काहीच नाही आलं तर एकदा लगेच मोटर खराब म्हणू नका, थोड्या वेळानं परत बघा, कारण कॉम्प्रेसर बंद असताना पंखा पण बंद असतो. खरखर आली तर पाती बर्फाला घासतायत.

आणि माझा खरा संशय त्या बर्फावरच आहे. कॉइलवर रोज दव गोठतं, आपल्याकडं पावसाळ्यात तर हवाच ओली असते, दार उघडलं की ती आत शिरणार. ते दव वितळवायला कॉइलखाली एक हीटर असतो, साधारण ८-१० तासांनी तो थोडा वेळ लागतो आणि पाणी मागच्या नळीतनं कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं. हे बिघडलं की बर्फ साठत जातो आणि कॉइलच्या पट्ट्यांमधनं हवा जायची बंद होते. मागच्या पावसाळ्यात शिवाजी पेठेत एका घरी पॅनेल उघडलं तर कॉइल दिसतच नव्हती, पांढरी भिंतच, वर हात ठेवला तर गुळगुळीत. त्या घरात दोनदा गॅस भरून झाला होता. दोनदा! मला अजून वाईट वाटतं त्या काकूंचं, कारण गॅस भरायला फ्रिज बंद ठेवला की बर्फ आपोआप वितळायचा, आठवडाभर मस्त चालायचं, मग परत तेच, आणि त्यांना वाटायचं गॅस परत लीक झाला.

हीच परीक्षा तुम्ही घरी करा, पैसे न देता. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा आणि पूर्ण २४ तास तसाच राहू द्या, खाली जुने टॉवेल टाका, समोर टेबल फॅन लावला तर अजून बरं. चाकू, उलथनं, स्क्रूड्रायव्हर काही लावायचं नाही. मग चालू करून एक दिवस जाऊ द्या आणि मधल्या जाळीवर ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभरानं बघा, ४ डिग्रीच्या आसपास यायला पाहिजे. आठवडा-दोन आठवडे छान चालून परत खाली गरम झालं तर डिफ्रॉस्टचाच, म्हणजे दव वितळवायच्या यंत्रणेचाच बिघाड धरा: हीटर, बायमेटल (हीटर जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), थर्मल फ्यूज (फार तापलं तर तुटणारा), किंवा टायमर, नव्या मॉडेलमध्ये सेन्सर आणि कार्ड. वितळवून पण पहिल्या दिवसापासनं खाली गार झालंच नाही तर पंखा नाहीतर हवेची झडप, जिला डॅम्पर म्हणतात. आणि परत कधीच काही झालं नाही तर कधीतरी दार अर्धवट उघडं राहिलं असणार, दाराच्या रबरात नोट धरून दार लावा, सहज ओढून आली तर रबर सैल.

मेकॅनिकला बोलावलं तर एक मुद्दाम सांगून ठेवा. बायमेटल थंडीत जोडतो आणि गरम झाल्यावर तोडतो, म्हणून तो बाहेर काढून मीटर लावला की चांगला असला तरी तुटलेलाच दाखवतो. त्याला आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि मग लगेच तपासायचा. किती चांगले बायमेटल याच्यामुळं कचऱ्यात गेले असतील! टायमरवाला फ्रिज असेल तर टायमरचा खटका स्क्रूड्रायव्हरनं हळूहळू फिरवायला सांगा, टक असा आवाज आला की कॉम्प्रेसर थांबून हीटर लागायला पाहिजे. हे काम त्यांचंच, तुम्ही वायरला हात लावू नका.

तोवर दुधाचं काय? फ्रीझर चालतंय ना, मग पाण्याच्या दोन-तीन बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून त्यात गोठवा आणि खाली दुधाच्या भांड्याला लावून ठेवा, सकाळ-संध्याकाळ बदला. पांढरा रस्सा त्यात नारळाचं दूध असल्यामुळं लवकर जातो, तो बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उरला तर सरळ फ्रीझरमध्ये टाका.

प्रश्न: भाऊ, आमचा सिंगल डोअर आहे, कागलला. फ्रीझरमध्ये चार बोटं बर्फ, खाली मात्र गारवा नाही. आई चाकूनं बर्फ काढते, चालतंय का?

उत्तर: आईंना आजच थांबवा. सिंगल डोअरमध्ये पंखा नसतो, फ्रीझरचा तो ॲल्युमिनियमचा डबाच कॉइल असतो, त्याच्या पत्र्याच्या आतनंच गॅस फिरतो, चाकूचं टोक लागलं की पत्रा फुटतो आणि मग खरंच गॅस जातो. नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए हा पेट घेणारा गॅस असतो, ते अजून वेगळं. बर्फाचा जाड थर गारवा अडवतो, म्हणून खाली येत नाही. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे गारवा कमी-जास्त करायच्या नॉबच्या मधलं बटण रात्री दाबा, बर्फ वितळला की फ्रिज आपोआप परत चालू होतो. बर्फ अर्ध्या सेंटीमीटरवर गेला की हे करायचं. तरी थर आठवड्यात परत चढला तर दाराचं रबर बघा.

प्रश्न: कसबा बावड्यातनं लिहितोय. उन्हाळ्यात फ्रीझरचा नंबर फुल केला तेव्हापासनं खालचं गार होईना, दोन्ही नॉब फुल आहेत तरी.

उत्तर: दादा, कित्येक डबल डोअरमध्ये फ्रीझरचा नॉब गारवा वाढवत नाही, हवा वाटतो. फुल केला की जास्त हवा वरच राहते आणि खालचा वाटा कमी होतो. तो मधे आणा, खालचा मधल्यापेक्षा एक घर वर ठेवा आणि दोन दिवस अजिबात हात लावू नका, रोज फिरवत बसलं तर काहीच कळत नाही. तिसऱ्या दिवशी ग्लासातलं पाणी किती डिग्री भरतंय ते कळवा, १० च्या वर असेल तर वरच्या ताईंना सांगितलेली २४ तासांची परीक्षा करून बघा.