मोठं पिस्तूल, एकच होल्स्टर

प्रश्न : माझा कापूस खरेदीचा धंदा आहे. सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली की घाटंजी, मारेगाव, पांढरकवडा असं फिरणं सुरू होतं. कधी मोटारसायकलवर, कधी बोलेरोत. परवान्याचं पिस्तूल आहे, .32 बोरचं, पण पूर्ण मापाचं, लांब नळीचं. शर्टावर, थंडीत जॅकेटखाली आणि लग्नकार्यात सदऱ्याखाली चालेल असं एकच होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) सांगा. 'सर्व पिस्तुलांना बसणारं' नायलॉनचं स्वस्तात मिळतंय, ते घेऊ का?
– एक वाचक, केळापूर तालुका

उत्तर : ते नायलॉनचं घेऊ नका, भाऊ. पिस्तूल उपसलं की त्याचं तोंड मिटतं. परत घालताना दुसऱ्या हातानं ते उघडावं लागतं, म्हणजे नळीसमोर आपलाच पंजा येतो. शिवाय मऊ कापडाची घडी ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे चापाभोवतीच्या कडीत, शिरू शकते. जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात माझी नोकरी झाली. होल्स्टर हातात आलं की मी आधी एवढंच बघायचो : ट्रिगर गार्ड पुरता झाकला जातो का, आणि बाहेरून दाबलं तर चापापर्यंत दाब पोचतो का. शिलाई, नक्षी हे सगळं नंतर.

तुमच्याच मॉडेलच्या मापाचं, कडक कायडेक्सचं (एक जातीचं प्लास्टिक) घ्या; मात्र त्याचे लूप, म्हणजे पट्टा ओवायच्या कड्या, बदलता आले पाहिजेत. रुंद लूप लावले की ते कमरेबाहेर, पट्ट्यावर बसतं. क्लिप लावली की पँटच्या आत जातं. आत घालायचं तर पँट दीड-दोन इंच सैल शिवून घ्या. खरं सांगू का, पोट थोडं सुटलेलं असेल तर पूर्ण मापाचं पिस्तूल आत घालून तासभर बोलेरोत बसवत नाही. त्यामुळं तुमचा मुख्य वापर बाहेरूनच होणार.

बाहेर लावताना ते उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागं, उंच आणि मूठ थोडी पुढं झुकलेली असं बसवा. खाली लोंबणारं होल्स्टर मोटारसायकलवर बसलं की सीटला टेकतं आणि पिस्तूल वर ढकललं जातं. नळी लांब असली की हे जास्तच. मागं मणक्यावर तर कधीच लावू नका. गाडी घसरून पाठीवर पडलात तर मार पाठीच्या कण्याला. आपल्या रस्त्यांवर मोटारसायकल चालवणाऱ्यानं पिस्तूल अडकवून धरणारी, अंगठ्यानं उघडणारी पट्टी असलेलंच होल्स्टर घ्यावं. होल्स्टरच्या नुसत्या घट्टपणावर विसंबू नये, कारण खड्ड्यांनी ते घट्ट ठेवणारे स्क्रू ढिले होतात. ते अधूनमधून आवळा.

चामडं मला स्वतःला आवडतं. अंगाला टोचत नाही, आवाज करत नाही. पण आपल्या मे महिन्यातला घाम आणि पुढं पावसाळा, दोन्ही ते पितं, आणि तीच ओल लोखंडाला गंज आणते. चामड्याचं घेतलंत तर रात्री पिस्तूल त्यातच ठेवून झोपू नका. पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळं, कुलुपात ठेवा. कायडेक्सला पाण्याची भीती नाही. मात्र ते तापवूनच घडवतात, म्हणून उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका.

होल्स्टरइतकेच पैसे पट्ट्यावर घाला. दोन पदरी, कडक, दीड इंची पट्टा हवा आणि लूपही त्याच मापाचे. साध्या बाजारी पट्ट्यावर भरलेलं पिस्तूल बाहेर कलतं आणि सदऱ्यावर त्याचा ठसा उमटतो. पायजम्याच्या नाडीत खोचून फिरणारेही मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

झाकण्याचा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. शस्त्र नियम 2016 मधला नियम 32 सांगतो, की सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि तुमच्या ताब्यात हवं. शर्ट खोचून, वर पिस्तूल दाखवत बाजार समितीत फिरणं त्यात बसत नाही. आणि लग्नात ते नेताच कशाला? तिथं शस्त्र मिरवायला याच नियमानं बंदी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सदऱ्याचा विचार सोडा, तुमचं काम सोपं होईल.

नवं होल्स्टर आलं की पिस्तूल रिकामं करा. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली गोळीची जागा) डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग ते लावून उकिडवे बसा, उभ्या मोटारसायकलवर टांग टाका, बोलेरोत चढा-उतरा. कुठं टोचलं, कुठं सरकलं, तर झुकाव बदला.

प्रश्न : आमचं शेत नागझिऱ्याच्या कडेला आहे. वाघाच्या भीतीनं घरधनी पिस्तूल कमरेला लावून अभयारण्यातल्या वाटेनं जातात. होल्स्टरमध्ये असलं तर चालतं ना?
– एक वाचक भगिनी, गोंदिया जिल्हा

उत्तर : नाही, ताई. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 31 प्रमाणे अभयारण्यात शस्त्र न्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा अधिकृत अधिकाऱ्याची आधी घेतलेली लेखी परवानगी लागते. परवान्याचं पिस्तूल असो की होल्स्टरमधलं, फरक पडत नाही. आणि .32 च्या गोळीनं वाघ थांबेल हा भरवसाही नको. बाहेरच्या रस्त्यानं, उजेडी, सोबतीनं जायला सांगा.