पाइपाला भोक न पाडता ध्वनिदाब मोजताना

पाण्याच्या पाइपावर एकच त्वरणमापक (कंपन टिपणारा संवेदक) चिकटवून आतला ध्वनिदाब ओळखण्याचा मोह टाळावा, कारण पाइप वाकण्याचे कंपन बहुधा दाबाची खूण गिळून टाकते. त्याऐवजी पीव्हीडीएफची (ताणले की विद्युत संकेत देणाऱ्या प्लास्टिकची) पट्टी पूर्ण परिघाभोवती घट्ट गुंडाळावी; वाकताना एका बाजूला पडणारा ताण समोरच्या बाजूशी रद्द होतो आणि दाबाने येणारा फुगाराच तेवढा उरतो. तो फारच सूक्ष्म असतो: 50 मिमी त्रिज्येच्या, 5 मिमी जाडीच्या पोलादी पाइपाचा परीघ 1 किलोपास्कल दाबाने कोटीत जेमतेम अर्धा भाग वाढतो. त्यामुळे केबल शील्डेडच (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारी) घ्यावी आणि पट्टीच्या टोकांत फट ठेवू नये (माझी पहिली पट्टी दोन बोटे तोकडी होती आणि आठवडाभर मी पंपालाच दोष देत होतो). शक्य असेल तेथे हायड्रोफोनशी (पाण्यात बुडवायच्या मायक्रोफोनशी) एकदा पडताळणी करावी.