जुन्या इंग्लंडमधला जोडे करणारा : माणूस एकच की तीन?

प्रश्न : लग्नानंतर मी लेस्टरला आले. सासऱ्यांच्या घराण्याची वंशावळ जुळवते आहे. त्यांचे खापरपणजोबा १८४१ च्या जनगणनेत नॉर्थॅम्प्टनला सापडतात : वय २५, धंदा जोडे करण्याचा. १८५१ मध्ये तिथेच त्याच नावाचा ‘कॉर्डवेनर’ आहे, वय ३८. १८६१ मध्ये लेस्टरला ‘रिव्हेटर’, वय ४८. हा माणूस एकच का?

उत्तर : बहुधा एकच. वयाचा घोळ आधी सोडवू. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. म्हणजे २५ चा अर्थ २५ ते २९, आणि दहा वर्षांनी ३८ त्यात नीट बसतात.

पण नाव आणि वय जुळले म्हणून माणूस जुळला असे धरू नका. जोडे करणाऱ्यांच्या त्या गावात एका नावाचे दोघे सहज सापडतील. १८४१ मध्ये ‘याच परगण्यात जन्म झाला का’ एवढेच विचारले होते. जन्माचे गाव १८५१ पासून लिहू लागले, तेव्हा १८५१ आणि १८६१ च्या नोंदींतले गाव ताडून पाहा. मग १८६१ च्या घरातली मुले बघा. समजा, सात वर्षांच्या मुलीचा जन्म नॉर्थॅम्प्टनचा आणि चार वर्षांच्या मुलाचा लेस्टरचा असेल, तर घर कधी हलले ते तिथेच कळते. या दोन्ही मुलांच्या आईचे माहेरचे आडनाव सरकारी जन्मसूचीत मिळेल. सूची तिमाहीवार आहे आणि नोंदणीला ४२ दिवसांची मुदत असे, त्यामुळे डिसेंबरचे बाळ पुष्कळदा पुढच्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत सापडते. आडनाव जुळले, तर प्रश्न जवळजवळ मिटला. नाही जुळले, तरी लगेच सोडू नका. पहिली बायको वारून दुसरे लग्न झाले असेल. विवाहनोंदीत ‘विधुर’ शब्द शोधा.

आता धंद्याचे. कॉर्डवेनर म्हणजे नव्या कातड्याचे नवे जोडे करणारा. नाव स्पेनमधल्या कोर्दोबाच्या कातड्यावरून आले. दुरुस्ती करणारा वेगळा. कॉर्डवेनर लिननचे धागे पिळून त्यांना डांबर-मेण लावी, दोन्ही टोकांना डुकराचा राठ केस जोडी, आरीने भोक पाडी आणि एकाच भोकातून दोन्ही टोके समोरासमोर ओढून टाका घट्ट करी. हात बसायला वर्षे जात.

१८५३ मध्ये लेस्टरच्या टॉमस क्रिकने तळ खिळ्यांनी जोडण्याचे पेटंट घेतले. फर्म्याच्या, म्हणजे जोडा चढवून करायच्या साच्याच्या, तळाला लोखंडी पत्रा असे. वरून खिळा ठोकला की टोक पत्र्यावर आपटून वळे आणि आतल्या तळात रुते. हे काम करणारा तो रिव्हेटर. टाक्याचे कसब आता लागेना, आणि कामही लेस्टरमध्ये होते. त्यामुळे गाव आणि धंदा एकदम बदललेला दिसला तर शंका घेऊ नका. त्या काळी जोडे करणाऱ्याच्या घरात हेच घडत होते.

प्रश्न : त्यांच्या बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘थायसिस’ लिहिले आहे, आणि धंद्याच्या रकान्यात नवऱ्याचाच धंदा.

उत्तर : थायसिस म्हणजे क्षय. कोंदट खोलीत घरचे सगळे एकत्र काम करत, तिथे तो पसरे. विवाहित बाईच्या दाखल्यावर बहुधा ‘अमक्याची पत्नी’ असेच लिहीत. जोड्याचे वरचे भाग शिवण्याचे काम मात्र अशा घरांत बायकाच बऱ्याचदा करत. तिचा स्वतःचा धंदा जनगणनेच्या कागदावर तिच्या ओळीत शोधा.